मान मागे टाकलेलं पिल्लू आणि बटाव्हियाच्या कोंबड्या

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी या आठवड्याचा भाग इथे लिहून टाकतोय. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय. फक्त मधले 'अं… अं…' आणि मागे वाजलेल्या कुकरच्या दोन शिट्ट्या काढल्यात.

आजचा विषय आहे कोंबडीचं पिल्लू. थांबा, लगेच स्किप करू नका. जगाला 'व्हिटॅमिन' ही कल्पना सुचली ती कोंबड्यांमुळे. आणि माझ्यासाठी ही गोष्ट सुरू होते पूर्णेच्या आठवडी बाजारात.

मी चौथीत होतो. साल २००७. पूर्णा म्हणजे आमचं जंक्शनचं गाव. मनमाड, सिकंदराबाद आणि अकोला अशा तीन दिशांच्या गाड्या इथे भेटतात. बाजारात एक माणूस मोठ्या टोपलीत रंगीत पिल्लं घेऊन बसायचा. गुलाबी, हिरवी, पोपटी. मी हट्ट करून एक गुलाबी पिल्लू घेतलं. ही पिल्लं बहुतेक वेळा नर असतात, हे तेव्हा कुठे माहीत होतं! अंड्यांच्या जातीचे नर अंडी देत नाहीत आणि मांसासाठीही लवकर भरत नाहीत. मग हॅचरीतून ते स्वस्तात निघतात आणि रंग लावून लेकरांना विकले जातात.

बुटाच्या खोक्यात जुनं फडकं अंथरून त्याचं घर केलं. खायला काय? तांदळाची कणी. रेशनचा पांढरा तांदूळ निवडताना आजी कणी बाजूला काढायची, ती मी मूठभर टाकायचो. दिवसातून चार वेळा. मला वाटायचं, आपण किती लाड करतोय.

दहा-बारा दिवसांनी एका सकाळी पिल्लू विचित्र बसलेलं दिसलं. पाय दुमडून टाचांवर बसलेलं आणि मान पार मागे पाठीला टेकलेली. जणू छताकडे बघतंय. मान सरळ केली की परत मागे. उभं राहायला गेलं की कोलमडायचं. आजीने एकदाच बघितलं आणि म्हणाली, "मानमोडी हाय ती लेकरा. न्हाई वाचत आता. लांब टाकून ये, नाही तर बाकीच्या बी जातील." आमच्या खुराड्यात आजीच्या आठ-दहा गावरान कोंबड्या होत्या.

मी खोकं घेऊन नदीकडे गेलो आणि काठावर ठेवून आलो. पिल्लू जिवंत होतं. ही गोष्ट मी कितीतरी वर्षं कुणाला सांगितली नव्हती.

आता इथून आपण सव्वाशे वर्षं मागे आणि समुद्रापार जाऊ. जावा बेटावरचं बटाव्हिया, म्हणजे आजचं जकार्ता. तेव्हा तिथे डचांचं राज्य होतं, आणि त्यांचे सैनिक, खलाशी आणि कैदी एका रोगाने मरत होते. रोगाचं नाव बेरीबेरी. आधी पाय बधिर होतात, मग चालता येत नाही, काहींच्या अंगावर सूज येते आणि शेवटी हृदय बंद पडतं. डच सरकारने १८८६ मध्ये तज्ज्ञांची तुकडी पाठवली. तिच्यात ख्रिस्तियान आइकमान नावाचा एक तरुण लष्करी डॉक्टर मदतनीस म्हणून होता. तो बर्लिनला रॉबर्ट कॉख यांच्याकडे शिकून आलेला. कॉख म्हणजे क्षयाचा जंतू शोधणारे. तो सगळा काळच जंतूंचा होता. कुठलाही रोग दिसला की शास्त्रज्ञ आधी विचारायचे, याचा जंतू कुठला? तुकडीला वाटलं बेरीबेरीही जंतूचाच. बाकीचे परत गेले, आइकमान तिथेच प्रयोगशाळा सांभाळत थांबला.

लष्करी दवाखान्याच्या आवारात त्याने प्रयोगासाठी कोंबड्या पाळल्या होत्या. रोग्यांच्या रक्तातून त्यांना रोग देता येतो का, हे बघायचं होतं. १८८९ मध्ये गंमतच झाली. ज्यांना काही टोचलं होतं त्याही आजारी पडल्या आणि ज्यांना काहीच टोचलं नव्हतं त्याही. लटपटत चालणं, मग पाय लुळे, मग मान वाकडी. नसा तपासल्या तर नसाच खराब झालेल्या. अगदी माणसांच्या बेरीबेरीसारखं. आइकमानला वाटलं, जंतू हवेतून पसरला असणार.

आणि मग नोव्हेंबरच्या शेवटी शेवटी कोंबड्या आपोआप बऱ्या व्हायला लागल्या. औषध नाही, काही नाही.

आमच्या क्षेत्रात असं झालं की आम्ही घाबरतो. बग आपोआप गेला म्हणजे तो परत येणार. अशा वेळी एकच प्रश्न विचारायचा असतो: मध्ये बदललं काय? आइकमानने तोच विचारला. उत्तर निघालं स्वयंपाकघरातून. जूनपासून कोंबड्यांना दवाखान्याच्या स्वयंपाकघरातला उरलेला भात मिळत होता, सैनिकांसाठी शिजवलेला पांढराशुभ्र पॉलिशचा भात. नोव्हेंबरमध्ये आचारी बदलला. नव्या आचाऱ्याला पटेना की लष्कराचा तांदूळ लष्कराबाहेरच्या कोंबड्यांनी का खावा! त्याने भात बंद केला. मग कोंबड्यांना पुन्हा साधा, कोंड्यासकट तांदूळ मिळायला लागला आणि त्या उभ्या राहिल्या.

हा किस्सा आइकमाननेच पुढे नोबेलच्या भाषणात सांगितलाय. त्या आचाऱ्याचं नाव मात्र कुणी लिहून ठेवलं नाही.

मग आइकमानने मुद्दाम करून बघितलं. पांढरा तांदूळ दिला, कोंबड्या आजारी. त्यात कोंडा मिसळला, कोंबड्या बऱ्या. एवढा पुरावा हातात असूनही त्याने अर्थ चुकीचा लावला. तो म्हणाला, पांढऱ्या तांदळात काहीतरी विष तयार होतं आणि कोंड्यात त्यावरचा उतारा असतो. म्हणजे रोग व्हायला 'काहीतरी' आत शिरलंच पाहिजे, हा विचार काही सुटेना. जंतू नाही तर विष.

माणसांचं काय? १८९५ पासून वोर्डरमान नावाच्या अधिकाऱ्याने जावामधल्या सुमारे १०० तुरुंगांची माहिती गोळा केली. तिथल्या कैद्यांची संख्या अडीच लाखांच्या वर होती. पांढरा तांदूळ देणाऱ्या तुरुंगांत बेरीबेरी भरपूर, कोंड्याचा तांदूळ देणाऱ्या तुरुंगांत जवळपास नाहीच. आपल्या भाषेत सांगायचं तर कोंबड्यांवर टेस्ट झालेली गोष्ट प्रॉडक्शनमध्येही तशीच निघाली.

१८९६ मध्ये आइकमान आजारी पडून मायदेशी परतला. त्याच्या जागेवर आलेल्या खेरित ख्रैन्स यांनी १९०१ मध्ये सरळ मांडलं की इथे विष वगैरे काही नाही. काहीतरी कमी पडतंय. कोंड्यात असा एखादा पदार्थ आहे ज्याच्याशिवाय नसा चालत नाहीत.

ऐकायला साधं वाटतं, पण विचार करा. तोपर्यंत रोग म्हणजे काहीतरी आत आलं. आता रोग म्हणजे काहीतरी नाही. प्रोग्राम बंद पडतो तेव्हा आम्ही कोडमधली चूक शोधत रात्र घालवतो आणि पहाटे कळतं की कोड बरोबर होता, एक पॅकेजच इन्स्टॉल नव्हतं. जे नाही ते दिसत नाही, म्हणून ते शोधायला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

१९१२ मध्ये लंडनमध्ये काम करणाऱ्या पोलिश शास्त्रज्ञ कासिमिर फुंक यांनी अशा पदार्थांना नाव दिलं, 'व्हिटामाइन'. 'व्हिटा' म्हणजे जीवन. आपल्या मराठीतला 'जीवनसत्त्व' हा शब्द त्याच अर्थाचा, आणि मला तर तो मूळ शब्दापेक्षा नेमका वाटतो. १९२६ मध्ये बटाव्हियातच यान्सेन आणि डोनाथ यांनी तांदळाच्या कोंड्यातून या पदार्थाचे शुद्ध स्फटिक वेगळे केले. १९२९ चं वैद्यकाचं नोबेल आइकमान आणि इंग्लंडचे हॉपकिन्स यांना विभागून मिळालं. आइकमान इतका आजारी होता की ते घ्यायला जाऊ शकला नाही. पुढच्याच वर्षी तो वारला.

हा पदार्थ म्हणजे थायमिन, आपलं बी-१. त्याची रचना शोधून १९३६ मध्ये तो कारखान्यात बनवता येईल असं केलं रॉबर्ट विल्यम्स यांनी. हे विल्यम्स जन्मले आपल्या नेल्लोरला, मिशनरी आई-वडिलांच्या पोटी. बेरीबेरीने त्यांना फिलिपिन्समध्ये १९१० च्या सुमारास पछाडलं आणि त्यांनी पाव शतक पाठ सोडली नाही. त्यांची दिवसाची नोकरी कुठे होती माहितीय? बेल लॅब्समध्ये. हो, तीच बेल लॅब्स जिथून पुढे ट्रान्झिस्टर आणि युनिक्स आलं. साइड प्रोजेक्ट असावा तर असा!

आता भारतात येऊ. बेरीबेरी आपल्याकडे आंध्रच्या किनारपट्टीत फार होती, गिरणीचा पांढरा तांदूळ खाणाऱ्या लोकांत. १९१८ मध्ये रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी निलगिरीतल्या कुन्नूरला बेरीबेरीवर काम सुरू केलं, आणि प्रयोगाला घेतले पक्षीच. कबुतरं. त्यांनाही पॉलिशच्या तांदळावर ठेवलं की माना मागे जायच्या. त्या छोट्या कामाची पुढे मोठी प्रयोगशाळा झाली आणि १९५८ मध्ये ती हैदराबादला हलली. आज ती राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते. पूर्णेहून रात्री गाडीत बसलं की सकाळी हैदराबाद. म्हणजे माझ्या पिल्लाच्या मानेचं उत्तर देणारी जागा आमच्याच रेल्वेलाइनवर होती.

मराठवाड्यात बेरीबेरी का गाजली नाही? कारण आमचं मूळ खाणं ज्वारी. भाकरीत धान्याचा कोंडा बराचसा टिकतो. कोकणात आणि गोव्यात भात रोजचा, पण तिथे उकडा तांदूळ. भात सालीसकट उकडला की कोंड्यातलं बी-१ दाण्याच्या आत मुरतं आणि नंतर सडलं तरी बरंचसं टिकतं. आज्यांनी चवीसाठी केलं, पण नसा वाचल्या.

आणि मी माझ्या पिल्लाला काय देत होतो? पांढऱ्या तांदळाची कणी. फक्त कणी. बटाव्हियाचा प्रयोग मी पूर्णेत बुटाच्या खोक्यात पुन्हा केला होता, तोही नकळत.

आजीची गावरान पिल्लं मात्र ठणठणीत असायची. ती कोंबडीच्या मागे उकिरड्यावर फिरायची. किडे, हिरवा पाला, पडलेली ज्वारी, भरडा, सगळं टिपायची. कमतरता पडायला वावच नाही. खोक्यातलं लाडकं पिल्लू जे आपण देऊ तेवढंच खातं, म्हणून खरा धोका त्याला.

बी-१ कमी पडलं की पिल्लू मान मागे टाकतं. इंग्रजीत याला 'तारे बघणं' म्हणतात. आणि हे बऱ्याचदा आयुष्याच्या पहिल्या दोन आठवड्यांतच दिसतं. वेळेत बी-१ मिळालं तर काही तासांत फरक पडू शकतो.

पण तेवढं एकच कारण नाही. बी-२ कमी पडलं तर पायाची बोटं आत वळतात आणि पिल्लू टाचांवर सरकतं. पायाची मुख्य नसच सुजलेली असते. लवकर कळलं तर बरं होतं, पण उशीर झाला तर बोटं कायमची तशीच राहतात. आणि ई कमी पडलं तर मेंदूचा मागचा भाग, तोल सांभाळणारा, तो खराब होतो. १९३१ मध्ये अमेरिकेत पापेनहायमर आणि गेच यांनी हे पिल्लांमध्ये दाखवलं. पिल्लू झोकांड्या खातं, उलटं पडतं, डोकं पायात घालतं. खाद्यातलं तेल खवट झालं की ई नष्ट होतं, म्हणून जुनं, कुबट वास येणारं खाद्य वाईट. मेंदूला इजा झाली असेल तर ई दिलं तरी पिल्लू पूर्ण बरं होईलच असं नाही.

मग आजी चुकली का? नाही, आणि हा भाग मला नीट सांगायचाय.

मानमोडी खरीच आहे. पुस्तकी नाव राणीखेत. १९२६ मध्ये हा रोग दोन ठिकाणी नोंदला गेला, इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला आणि पुन्हा एकदा जावामध्ये! त्यानंतर लवकरच आपल्याकडे कुमाऊंमधल्या राणीखेतला सापडला आणि इथे त्याच गावाचं नाव चिकटलं. हा विषाणूचा रोग आहे. श्वासाला धाप, हिरवी हगवण, पंख आणि पाय लुळे, मान पिळवटलेली. आणि तो एकट्यादुकट्याला होऊन थांबत नाही. खुराडंच्या खुराडं साफ करतो. मुक्तेश्वरच्या प्रयोगशाळेत १९४० च्या दशकात आपल्याकडची लस तयार झाली, तरी ती प्रत्येक उकिरड्यापर्यंत पोचायला खूप वर्षं लागली. आजीने आयुष्यात दोन-तीनदा सकाळी उठून सगळ्या कोंबड्या मेलेल्या बघितल्या होत्या. अंड्यांचे पैसे म्हणजे तिचे स्वतःचे एकमेव पैसे. एक पिल्लू टाकून दहा कोंबड्या वाचवायच्या, हा तिचा हिशोब अनुभवातून आलेला होता.

अडचण नावाची होती. वाकडी मान दिसली की मानमोडी. नाव मिळालं की प्रश्न संपला. आइकमानच्या काळात प्रत्येक रोगाला जंतू म्हणायचे, आमच्याकडे प्रत्येक वाकड्या मानेला मानमोडी. तो नोबेलवाला, माझी आजी चौथी शिकलेली, पण अडखळले दोघंही एकाच दगडाला. फरक एवढाच की त्याच्याकडे आचारी बदलला.

आता तुमच्यापैकी बरेच जण विचारणार, दादा, मग ओळखायचं कसं? मी डॉक्टर नाही, पण पशुवैद्यकांना विचारून जे समजलं ते सांगतो.

पहिलं, किती पक्षी आजारी आहेत? एकच पिल्लू, श्वास नीट, खायची इच्छा आहे पण तोल नाही, तर खाण्याकडे बघा. भराभर अनेक मरत असतील तर हात लावू नका, कुणाला विकू नका, कापू तर अजिबात नका. बर्ड फ्लूही असू शकतो. जानेवारी २०२१ मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या मुरुंबा गावात शेकडो कोंबड्या मेल्या आणि तपासणीत बर्ड फ्लू निघाला, हे विसरू नका. लगेच पशुसंवर्धन विभागाला कळवा. १९६२ हा नंबर फोनमध्ये सेव्ह करून ठेवा.

दुसरं, आजारी पिल्लू आधी वेगळं करा, पण उबेत ठेवा. वेगळं ठेवलं की आजीचीही काळजी मिटते आणि पिल्लालाही वेळ मिळतो.

तिसरं, मध्ये बदललं काय? खाद्य बदललं? पोतं जुनं झालं? नुसती कणी चालू आहे? रक्ती हगवणीसाठी एखादं औषध चालू आहे? कारण त्यातलं अँप्रोलियम नावाचं एक नेहमीचं औषध बी-१ सारखंच दिसतं आणि त्याची जागा अडवतं. रोगाच्या परजीवीला उपाशी मारायची ती युक्तीच आहे. पण जास्त दिलं, जास्त दिवस दिलं, तर पिल्लाच्याच नसा उपाशी राहतात. म्हणून मात्रा डॉक्टरांना विचारूनच.

चौथं, लस. मानमोडीला औषध नाही, लसच आहे, आणि ती पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात थेंब टाकून देतात. जीवनसत्त्वाने विषाणू मरत नाही आणि लसीने कमतरता भरून निघत नाही. दोन्ही लागतात.

आणि पाचवं, सगळ्यात सोपं. पिल्लांचं तयार स्टार्टर खाद्य द्या, ताजं, थोडं थोडं आणलेलं, कोरड्या जागी ठेवलेलं. कणी चालेल, पण वरखाऊ म्हणून. मुख्य जेवण म्हणून नाही.

शेवटची एक गोष्ट सांगतो आणि थांबतो.

गेल्या वर्षी पूर्णेहून भाचीचा व्हिडिओ आला. तिचं पिल्लू टाचांवर सरकत होतं, बोटं मुठीसारखी वळलेली. खाली मेसेज: "मामा, सगळे म्हणतायत टाकून दे. टाकू का?" मी म्हटलं, थांब, आधी डॉक्टरांना दाखव. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पायाची बोटं बघितली, काय खायला देता ते विचारलं आणि थेंब लिहून दिले. खाद्य बदललं. आठवड्यात ते उभं राहिलं. एका पायाचं एक बोट अजून वाकडं आहे, कारण चार-पाच दिवस घरात चर्चेतच गेले. पण आज तो मोठा कोंबडा आहे आणि पहाटे चारला ओरडून अख्खी गल्ली उठवतो. भाचीला शेजारी शिव्या देतात.

माझ्या गुलाबी पिल्लाला नक्की काय झालं होतं, हे आता कुणीच सांगू शकणार नाही. मानमोडीही असेल. पण आजीच्या कोंबड्यांपैकी त्या महिन्यात एकही आजारी पडली नव्हती. हे मला तेव्हाही दिसत होतं, फक्त त्याचा अर्थ काय, ते विचारायचं सुचलं नव्हतं.

तुमच्या भागात मानमोडीला काय म्हणतात? आणि घरी पिल्लांना काय खायला घालतात? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवू. रंगीत पिल्लू घेऊन आलेलं एखादं लेकरू घरात असेल तर हा भाग त्याला ऐकवा. निदान त्याच्या आईला तरी.

भेटू पुढच्या आठवड्यात. काळजी घ्या.